उत्तर ग्रीसमधल्या गावांच्या नावांबद्दल खुलासा

फ्लोरिना, एडेसा भागातल्या गावांची आजची ग्रीक नावे प्राचीन काळापासून अखंड चालत आली आहेत आणि तिथल्या मॅसिडोनियन (ही एक स्लाव्ह भाषा) बोलणाऱ्यांच्या तोंडची नावे अलीकडे रचलेली आहेत, असा दावा सध्या फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

हा प्रदेश बाल्कन युद्धांनंतर, १९१३ साली ग्रीसकडे आला. त्याआधीच, १९०९ मध्ये, ग्रीक सरकारने स्थलनामांसाठी समिती नेमली होती. नव्या प्रदेशातली बहुतेक नावे १९२० च्या दशकात सरकारी हुकुमाने बदलली. बानित्साचे वेव्ही झाले, सोरोविचचे अमिंदेओ. हे दुसरे नाव प्राचीन राजा अमिंतास याच्यावरून घेतलेले.

ओस्ट्रोव्होचे उदाहरण तर बोलके आहे. तळ्याकाठच्या या गावाचे नाव स्लाव्ह भाषांतल्या ‘बेट’ या शब्दाचे. त्याला आर्निसा म्हटले गेले. आर्निसा हे नाव खरोखर प्राचीन आहे, प्राचीन ग्रीक इतिहासकार थुसिडिडीसच्या इतिहासात ते येते. पण गावाला ते विसाव्या शतकात चिकटवले. एडेसाचे स्लाव्ह नाव व्होडेन, म्हणजे पाण्याचे गाव, तिथल्या धबधब्यांना शोभणारे. एडेसा हे प्राचीन नगर मात्र तिथेच होते, हेही मान्य करायला हवे.

उलट बाजूचा ‘जुनी नावे सगळी स्लाव्ह’ हा दावाही टिकत नाही. प्तोलेमाइदाचे आधीचे नाव, कायलार, तुर्की होते. आणि फ्लोरिना व त्याचे स्लाव्ह नाव लेरिन ही एकाच मध्ययुगीन नावाची दोन रूपे आहेत.

घरात आजी जे नाव उच्चारते, त्याला बनावट म्हणणे अन्यायाचे आहे.