‘जीएसटी वेगळा पडेल, भाऊ!’

भुसावळचा पारा ४४ कडे सरकला की खान्देशात कूलरचं दुकान टाकायला याहून चांगला मुहूर्त नाही. माल सुरतेहून येतो, गिऱ्हाईक घामाघूम होऊन आपल्या पायांनी येतं. राहता राहिलं टक्क्यांचं गणित. परवा हाती पडलेल्या एका बिलावरून ही कला आपल्याकडे किती पुढे गेली आहे ते कळलं. म्हणून नव्या दुकानदारांसाठी हे फुकटचं मार्गदर्शन.

सुरुवात नफ्यापासून. खरेदी ८,०००, त्यावर शेकडा २५ नफा, विक्री १०,०००. इथवर शाळेतलंच आहे. पण तेच २,००० विक्रीच्या १०,००० वर मोजले की २० टक्के होतात. म्हणून भागीदाराला सांगताना ‘वीसच सुटतात हो’ म्हणायचं आणि कर्ज मागायला गेलात की ‘पंचवीस’. खोटं बोलावंच लागत नाही, फक्त कशावर मोजले ते सांगायचं नाही. मात्र दिवाळीत हौसेने ‘२५ टक्के सूट’चा बोर्ड टांगू नका. १०,००० तून २५ टक्के गेले की ७,५०० उरतात, म्हणजे घरातले ५०० गेले. २५ चढवलेले उतरवायला २० च पुरतात. बोर्डावर २५ च हवे असतील तर आधी ३४ चढवा. १०,७२० चे ८,०४० होतील. नफा ४० रुपये, पण बोर्ड झोकात.

सूट द्यायची तर कर लावून झाल्यावर, आणि तीही फक्त मूळ रकमेतून. १,००० वर १८० कर, मग १०० सूट, झाले १,०८०. आधी सूट देऊन ९०० वर कर लावला असता तर १,०६२ च झाले असते. गिऱ्हाईक ‘शंभर सुटले’ म्हणून खूश, तुम्ही १८ ने खूश.

बिलातले रुपयाखालचे पैसे नेहमी वरच्या रुपयाला न्या.

बिलावर जीएसटी नंबर छापू नका. छापलाच तर पंधराऐवजी चौदा अक्षरं छापा, कोण मोजतंय!

कंपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्या व्यापाऱ्यांच्या ठोक कराच्या योजनेत, असाल तर गिऱ्हाईकाकडून कर घ्यायला कायद्याने मनाई आहे. तेव्हा अवश्य घ्या, तो भरायचा कुठे ही कटकटच नाही.

आता मुख्य धडा. कूलर ८,००० ला आला, वर आयजीएसटी, म्हणजे परराज्यातून आलेल्या मालावरचा जीएसटी, १८ टक्के १,४४०, एकूण ९,४४०. एखादा भोळा म्हणेल, हे १,४४० तर इनपुट क्रेडिटमध्ये, म्हणजे पुढे विक्रीवर भरायच्या करातून, वळते होणार, ते खर्चात कशाला धरायचे? तुम्ही धरा. ९,४४० वर २५ टक्के चढवा, ११,८०० होतात. योगायोग बघा, खोक्यावर छापील किंमतही ११,८०० च आणि तिच्याखाली बारीक अक्षरांत ‘सर्व करांसहित’. ती ओळ अंगठ्याने झाका आणि कॅल्क्युलेटर पुढे ओढा. ११,८००, गुणिले १८, मग ते झिजलेलं टक्क्याचं बटण. २,१२४. बेरीज १३,९२४. गिऱ्हाईकाने भुवई उचललीच तर म्हणा, ‘भाऊ, जीएसटी सरकारचा आहे. आपलं काय त्यात?’

सरकारचा! अहो, सरकारचे १,८०० त्या ११,८०० मध्ये आधीच बसलेत. ११,८०० भागिले १.१८ करा, मूळ किंमत १०,००० निघते. कॅल्क्युलेटरचं काय जातं, पडद्यावर जो आकडा दिसेल त्याचे टक्के तो काढून देतो. त्या आकड्यात कर आधीच आहे की नाही हे त्याला कोण सांगणार? १०,००० च्या वस्तूचे १३,९२४ झाले, म्हणजे ३९ टक्क्यांच्या वर. हा स्लॅब कुठल्या कौन्सिलने काढला? बरं, त्या २,१२४ मधून आधी भरलेले १,४४० वळते झाले की सरकारकडे जायचे ६८४. दुकानदाराच्या गल्ल्यात नफा ३,८००, खरेदीवर साडेसत्तेचाळीस टक्के. आणि वर म्हणायचं, ‘आपलं काय त्यात?’

गणितच कच्चं असतं तर माफ केलं असतं. पण त्याच काउंटरवर उलटं म्हणून बघा, ‘दादा, बिल नको, जीएसटी कमी करा.’ छापील किमतीतून सरळ १८ टक्के काढले तर २,१२४ कमी होऊन ९,६७६ उरतील आणि दुकानदाराच्या १०,००० तले ३२४ जातील. जातात का? अजिबात नाही! तिथे कॅल्क्युलेटरला हातही लागत नाही. ‘फार तर अठराशे कमी होतील.’ तोंडपाठ! १८ भागिले ११८, सव्वापंधरा टक्के, अपूर्णांकासकट पाठ. घेताना गुणाकार, देताना भागाकार, आणि वर चेहरा कसा गरीब!

आता सरळच बोलतो. याला युक्ती म्हणत नाहीत, याला लूट म्हणतात. छापील किंमत सर्व करांसहितच असते आणि तिच्यावर एक रुपयाही घेता येत नाही, हे प्रत्येक दुकानदाराला माहीत असतं. शहाद्यापासून चाळीसगावपर्यंत, सगळ्यांना.

आणि तुम्ही, गिऱ्हाईक! भरताचं वांगं हातावर तोलून, हलकं आहे ना बघून घेता. शेवभाजीला तर्री कमी पडली की ताट परत पाठवता. पण चौदा हजारांचं बिल न वाचता घडी घालून खिशात! २२ सप्टेंबर २०२५ ला एसीवरचा जीएसटी २८ चा १८ झाला, तेव्हा ‘दहा टक्के कमी करा’ म्हणून भांडत होता. ३०,००० चा एसी ३८,४०० वरून ३५,४०० वर यायला हवा होता, म्हणजे ३,००० कमी, जेमतेम पावणेआठ टक्के. दहा टक्क्यांवर अडून हसू करून घेतलंत, आणि कूलरच्या बिलात २,१२४ रुपये जास्तीचे लावले तेव्हा तोंडातून शब्द फुटला नाही.

खोकं फिरवा. छापील किंमत वाचा. बिलाच्या तळाचा आकडा तिच्याहून मोठा असेल तर पैसे काढू नका, तिथेच उभं राहून ग्राहक हेल्पलाइनला १९१५ लावा. कूलर राहिला तर राहू द्या दुकानात. एक रात्र गच्चीवर झोपा.