झिंगन क्रोएशियात ‘हंगामभर’ खेळला नाही

कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा मोसम रंगला की पेठांतल्या ग्रुपांवर मेसेज फिरतो: भारताचा फुटबॉल बचावपटू संदेश झिंगन क्रोएशियात अख्खा हंगाम गाजवून आला. साफ चूक. ऑगस्ट २०२१ मध्ये तिथल्या अव्वल लीगमधल्या शिबेनिक क्लबशी त्याचा करार झाला, इथपर्यंत खरं. पण सरावातच पोटरी दुखावली आणि एकही अधिकृत सामना न खेळता जानेवारी २०२२ मध्ये तो कोलकात्याच्या एटीके मोहन बागान क्लबकडे परतला. शिबेनिकच्या जर्सीसोबतचा त्याचा फोटो खराच आहे. फोटो म्हणजे मॅच नव्हे, भावांनो! आणि झिंगन चंदीगडचा, कोल्हापूरचा नव्हे. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात खेळलेला आपला कोल्हापूरचा गडी म्हणजे अनिकेत जाधव, आणि तो आघाडीला खेळतो.