गोठवलेली मासळी म्हणजे सरसकट ०३०३ नव्हे

मासळीच्या निर्यातदारांमध्ये एक संदेश सध्या बराच फिरतो आहे : मासळी गोठवली की तिचा सीमाशुल्क वर्गीकरणाचा (एचएस) कोड ०३०३, कापण्याची पद्धत, जात, मसाला यांत शिरण्याचे कारण नाही, आणि निर्यातीवर शुल्कच नसल्याने कोड चुकला तरी बिघडत नाही.

मासा अख्खा, डोके छाटलेला, पोट साफ केलेला किंवा काट्यासह कापलेला असेल, तोवर ०३०३ हे शीर्षक (कोडचे पहिले चार अंक) बरोबर आहे. सुरमईच्या आडव्या, मधला काटा असलेल्या तुकड्या तिथेच राहतात. त्याच सुरमईचे कण्याला समांतर काढलेले फिलेट मात्र, कातडीसकट असले तरी, ०३०४ मध्ये जाते. कोळंबी ०३०६ मध्ये आणि माकूल ०३०७ मध्ये येते, मग ती कितीही गोठवा.

जात पाहू नका, हा सल्ला सर्वांत घातक आहे, कारण ०३०३ च्या आतली उपशीर्षके (सहा अंकी कोड) प्रामुख्याने जातींवरच बेतलेली आहेत. बांगड्याच्या इनव्हॉइसवर ‘मॅकरेल’ एवढेच लिहिले, की ०३०३५४ टाकण्याचा मोह होतो. पण ते उपशीर्षक स्कॉम्बर वंशातील तीन जातींपुरते आहे. आपल्या किनाऱ्यावरचा बांगडा रॅस्ट्रेलिजर वंशाचा असल्याने तो एचएस कोडच्या २०१७ च्या आवृत्तीपासून सुरमई आणि पापलेटबरोबर ०३०३५९ मध्ये येतो. उलट तारली सार्डिनेला वंशाची, आणि हा वंश ०३०३५३ च्या मजकुरातच नमूद असल्याने ती युरोपीय सार्डिनच्या शेजारी बसते. तेव्हा इनव्हॉइसवर शास्त्रीय नाव हवेच.

मसाल्याविषयी थोडक्यात : फिलेटला नुसता ब्रेडचा चुरा लावला, तरी ते कच्चे असूनही तयार मासळीच्या १६०४ मध्ये जाते. कोळंबीचा नियम जरा विक्षिप्तच आहे. कवचासकट वाफवून किंवा पाण्यात उकडून गोठवलेली कोळंबी ०३०६ मध्येच राहते, पण सोललेली उकडली की तयार मालाचे १६०५ गाठते.

राहिला शुल्काचा मुद्दा. निर्यात मालावरचे कर परत देणाऱ्या ‘रोडटेप’ योजनेखालचा परतावा आठ अंकी कोडवरूनच ठरतो, म्हणजे चुकीच्या कोडवर मिळालेली जादा रक्कम पुढे वसुलीला कारण ठरू शकते. शिपिंग बिलातील (निर्यातीसाठी सीमाशुल्क खात्याकडे भरायच्या अर्जातील) माहिती खरी असल्याची घोषणा निर्यातदारच करतो, आणि मालाशी न जुळणाऱ्या घोषणेसाठी सीमाशुल्क अधिनियम, १९६२ च्या कलम ११३ मध्ये जप्तीची तरतूद आहे. शिवाय कोडचे पहिले सहा अंक जगभर समान असतात. इथे कोणी हटकले नाही, तरी शुल्क भरणारा परदेशी खरेदीदार आणि त्याच्याकडचे सीमाशुल्क अधिकारी तेच अंक तपासणार आहेत.