बिगी हिडीरी

शिंकेला कोण भितंय, असं मी साठीपर्यंत म्हणत होते. (म्हणजे बोलताना 'म्हणत होतो'. बेळगावात आम्ही बायकापण मी आलो, मी गेलो असंच बोलतो, पुण्याहून आलेली सून सात वर्षं झाली तरी त्याला हसते. लिहायला बसलं की मात्र शाळेतलं मराठी आठवतं.)

मार्चमधली गोष्ट. वर्षाची चटणी करायची म्हणून संकेश्वरी आणि ब्याडगी मिरच्यांना ऊन दाखवून, देठं काढून, मसाला भाजून डंकावर गेले. लोखंडी मुसळं धाडधाड आपटायलीत, हवेत नुसतं लाल धुकं, नंबर माझ्यापुढं अजून दोघींचा. पहिली शिंक आली, काही नाही. दुसरीला पायावर पाय घातला. तिसरी आणि चौथी जोडीनं आल्या आणि परकराला जे कळायचं ते कळलं. रिक्षात बसायची सोय राहिली नाही, मग चटणीचा गरम डबा पोटाशी धरून भर उन्हात चालत घरी निघाले, वाटेत दोन रिक्षावाले थांबले, "काकू, बसा की ओ, कशाला चालायलासा?" बसा म्हणे.

त्याआधीपण थोडंथोडं व्हायचंच. खोकलं की, घागर उचलली की, बहिणीशी फोनवर हसलं की. मी आपले उपाय शोधले होते, गडद रंगाची साडी, लग्नात दाराजवळची खुर्ची आणि बाहेर जायचं असेल त्या दिवशी सकाळपासून पाणी बंद. 2023 च्या जूनपासून शक्ती योजनेत बायकांना कर्नाटकातली साधी बस फुकट झाली, गल्लीतल्या सगळ्या यल्लम्माला सौंदत्तीला जाऊन आल्या. मला आधार कार्ड दाखवायचं फक्त काम होतं, खरं बस मधे थांबणार कुठं, ह्याचं उत्तर आधार कार्डावर नसतंय.

शेवटी सुनेनंच ओळखलं, वाळत घातलेल्या परकरांची संख्या बघून. डॉक्टरीणबाईंनी दोन मिनिटांत सांगितलं की पाणी तोडलं तर लघवी कडक होते, पिशवी जास्तच चिडते, पाणी प्या आणि चहा कमी करा. चहाचं ऐकून मी जरा नाराज झाले. मग पाठवलं फिजिओथेरपीला.

तिथली पोरगी धारवाडकडची, गोड, मराठी तिला चार शब्द, आणि माझं कन्नड भाजीबाजारापुरतं. चित्र दाखवून तिनं समजावलं, खाली पुढच्या हाडापासून माकडहाडापर्यंत स्नायूंची झोळी असते, बाळंतपणं, पाळी जाणं, जुना खोकला, बद्धकोष्ठ, वजन, ह्यानं ती सैल पडते. माझी बाळंतपणं तीन, तिसरा चार किलोचा. तोच आता विचारतो, आई तू सिनेमाला का येत नाहीस.

ती झोळी कुठली ते ओळखायचं कसं, तर चारचौघांत वारा अडवताना आपण जे आत ओढून घेतो, ते. हे तिनं खुणांनी दाखवलं आणि पहिल्यांदा आम्ही दोघी एकाच भाषेत हसलो (मी जपून). मग म्हणाली, "बिगी हिडीरी... बिडरी. बिगी हिडीरी... बिडरी." आता हिडी म्हणजे धर हे मला माहीत, बिडरी म्हणजे सोडा हेपण माहीत, मधलं बिगी म्हणजे आपलं बिगीबिगी, नाही का? घरी येऊन मी तीन आठवडे बिगीबिगी धरलं आणि बिगीबिगी सोडलं. कुकरच्या एका शिट्टीत पन्नास. मशीनगन नुसती.

पुन्हा गेले तेव्हा तिनं तपासलं आणि कपाळाला हात लावला. "अक्का, बिगी अंद्रे घट्ट री, टाइट!" घट्ट धरायचं आणि पाच मोजेपर्यंत सोडायचं नाही, मग तेवढाच वेळ सैल, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा, हळूहळू दहा आकड्यांपर्यंत न्यायचं. भराभर आवळायचे पण असतात म्हणे, खरं नुसते तेवढेच करून भागत नाही. श्वास धरायचा नाही, पोट नि मांड्या आवळायच्या नाहीत. लघवी करताना मधेच थांबवून रोज प्रॅक्टिस करायची नाही. आणि तीन महिने धीर धरायचा. मग मोजायला लागली, ओंदु, एरडु, मूरु... मूरुला माझं सुटलं.

सुनेनं फोनवर शोधलं, 1948 साली आर्नल्ड केगल नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं हे व्यायाम छापून सांगितले. बघा, माझ्या जन्माच्या आधीपासून ठाऊक होतं, आणि खानापूरच्या आमच्या सुईणीनं मला काय सांगितलं तर डिंकाचे लाडू खा.

ह्या व्यायामाचं बरं म्हणजे कुणाला दिसत नाही असं म्हणतात. माझा दिसायचा. आत आवळलं की भुवया वर जायच्या. भजनात शेजारीण म्हणाली, काकू अभंगात फारच रंगल्यासा. घरात आणखी घोळ. मराठीत एक-दोन-तीन मी फार भरभर मोजते, आणि त्या पोरीच्या चालीत मोजलं की बरोबर जमतं, म्हणून कणीक मळता मळता माझं सुरू, ओंदु... एरडु... मूरु... आमचे हे, बेळगाव कर्नाटकात घातलं म्हणून मराठी माणसं पाळतात त्या 1 नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीला चाळीस वर्षांत एकदा चुकले नाहीत, आणि स्वयंपाकघरात बायको कन्नड मोजायलीय! दारात येऊन उभे. "काय चाललंय हे?" मी नाल्कुवर होते, बोलले तर सुटलं असतं. ऐदु झाल्यावर सांगितलं. सगळंच सांगितलं, डंकापासून. हे बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "मराठीत होत न्हाई काय?"

आषाढात पाऊस धरला तेव्हा फरक कळला. फोडणीचा ठसका बसला, शिंक नाकापर्यंत आली, मी आधी आवळून घेतलं मग शिंकले, आणि कोरडी. गॅस बंद करून खात्री करून आले, कोरडीच. बहिणीच्या फोनवरच्या हसण्याचा भरवसा अजून नाही, ती फार हसवते.

परवा त्या पोरीनं जाता जाता सांगितलं, हे पुरुषांनापण चालतंय, लघवी झाल्यावर थेंबथेंब गळायलं तर. आमचे हे रात्री तीनदा उठतात आणि दर वेळी दाराच्या कडीला दोष देतात. मी जेवताना सहज सांगितलं, त्यांनी ताकाचा पेला तोंडाला लावला.

आज सकाळी हे पेपर वाचत बसले होते. मी चहा ठेवायला गेले तर पेपरच्या वर दोन भुवया, पार कपाळात चढलेल्या, आणि आतून बारीक आवाज, "...मूरु... नाल्कु..."