बारीक छिद्राची पीप साइट आणि अचूक नेम : एक खुलासा

जळगाव-धुळ्याकडच्या नेमबाजांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय : ठासणीच्या (नळीच्या तोंडातून दारू-गोळी ठासून भरायच्या) रायफलीला सर्वांत बारीक छिद्राची पीप साइट, म्हणजे ज्या छिद्रातून बघून नेम धरतात ती मागची चकती, बसवा, नेम अचूक होतोच. हे अर्धंच खरं आहे. बारीक छिद्रातून माशी (नळीच्या पुढच्या टोकावरची नेमखूण) आणि लक्ष्य दोन्ही जास्त स्पष्ट दिसतात, चाळिशी लागलेल्या डोळ्यांना तर फारच. पण उजेड घटतो. एप्रिलच्या खानदेशी उन्हात रेंजवर 1 ते 1.2 मिमी छिद्र छान चालतं. श्रावणातल्या ढगाळ सकाळी मात्र त्यातून लक्ष्य काळवंडतं. तेव्हा 2 मिमी किंवा त्याहून मोठं घ्या. मोठ्या छिद्राने नेम ढळेल ही भीती बहुतांशी फोल आहे, कारण डोळा माशी आपसूक मध्यावर आणतो. म्हणून छिद्र बदलता येईल अशीच साइट घ्यावी, हे माझं ठाम मत.

साइट नळीवर पुढे नको, मागे डोळ्याजवळ हवी. तिथून माशी 90 सेंमीवर असेल, तर साइट 1 मिमी वर सरकवल्यावर 50 मीटरवर गोळी सुमारे साडेपाच सेंमी वर लागते.

'ठासणीला परवाना लागत नाही' असंही ग्रुपवरच्या त्या मजकुरात लिहिलंय. साफ चूक. चालू स्थितीतल्या ठासणीच्या बंदुकीलाही 1959 च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो.