'गूगल वाचून लिहिता' म्हणणाऱ्या भाऊंना

भाऊ, तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. हार्ट फेल्युअरच्या, म्हणजे हृदय नीट पंप न करणाऱ्या पेशंटनी ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसच्या, म्हणजे पेशींच्या रासायनिक झिजेच्या तपासण्या आणि व्हिटॅमिन ईच्या गोळ्यांवर पैसे घालवू नयेत, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही निनावी लिहिता: "गूगल वाचून सल्ले देऊ नका. एमडीए वाढतो हे सिद्ध आहे. व्हिटॅमिन ईचा तो अभ्यास हार्ट फेल्युअर नसलेल्यांवर होता, वर्षही चुकलंय."

आधी वर्ष. तुम्ही म्हणता तो व्हिटॅमिन ईचा अभ्यास म्हणजे होप. त्याचे मुख्य निष्कर्ष 2000 चे. व्हिटॅमिन ई घेणाऱ्यांत हार्ट फेल्युअर जास्त दिसलं ते पुढच्या पाठपुराव्यात, 2005 साली. चूक माझी, लेखात दुरुस्त केली.

आता ते गूगल. जळगावात 22 वर्षं मी लॅबमध्ये उभं राहून काढली आहेत. एमडीए, म्हणजे मॅलॉनडायअल्डिहाइड, त्या झिजेची रक्तातली खूण, या हातांनी मोजलाय. सीरममध्ये थायोबार्बिट्युरिक आम्ल घालायचं, ट्यूब तापवायची, गुलाबी रंग आला की 532 नॅनोमीटरवर वाचायचा. पण हे आम्ल एकट्या एमडीएलाच रंग देत नाही, आणि तांबड्या पेशी फुटलेल्या असल्या की आकडा उगाच फुगतो. मे महिन्यात पारा 45 वर असायचा. चोपड्याहून बसने आलेल्या रक्ताच्या नमुन्यांच्या डब्यातल्या बर्फाचं केव्हाच पाणी झालेलं असायचं. ट्यूब फिरवून काढली की वरचं सीरम पिवळं नाही, लालसर दिसायचं, म्हणजे पेशी फुटलेल्या. त्याचा एमडीए वाढलेलाच येणार. त्यावरून हृदयाचं काय कळलं, सांगा ना.

आणि माझे आबा. हृदयाचं पंपिंग 30 टक्के. मी गावाला गेलेलो असताना कुणीतरी त्यांचं ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसच्या तपासण्यांचं असंच पॅनल काढून दिलं. रिपोर्टवर लाल अक्षरं, पाठोपाठ महागड्या कॅप्सूल. त्या कॅप्सूलच्या नादात पाण्याची गोळी (अंगातलं जादा पाणी लघवीवाटे काढणारी) चार दिवस राहून गेली. पहाटे ओट्यावर बसून आबा म्हणाले, "मना पाय सुजी गयात रे." घोट्यावर बोट दाबलं, खळगा पडला तो पडलाच. वजनकाट्यावर आठवड्यात चार किलो वाढ. काटा जे सांगत होता ते त्या लाल अक्षरांत कुठेच नव्हतं. हे गूगलवर वाचलेलं नाही, भाऊ. हे बोलताना जीभ आवरायला हवी होती तुम्ही.

एमडीए वाढतो हे मी नाकारलंच कुठे? आजार बळावतो तसा तो वाढतो, आयसोप्रोस्टेन ही त्याच झिजेची दुसरी खूणही वाढते. पण आकडा खाली आणला म्हणजे माणूस सुधारतो असं नाही. युरिक ॲसिडही ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसशी जोडलं जातं; 2015 च्या अभ्यासात ॲलोप्युरिनॉल या औषधाने हार्ट फेल्युअरच्याच पेशंटचं ते उतरवलं, तब्येतीत फरक पडला नाही.

होपमधल्यांना आधी हार्ट फेल्युअर नव्हतं, ठाऊक आहे मला. त्या खोलात मी शिरत नाही. ज्यांना नव्हतं त्यांनाच ते बाधलं, तर ज्यांना आहे त्यांना कशाला द्यायचं?

पुढच्या वेळी नाव टाकून लिहा. तपासणीबद्दल काय ते विचारा, सांगेन. माझ्या शिकण्याबद्दल विचारायचं असेल तर उत्तर मिळणार नाही.