‘फुकट ते पौष्टिक’ हा आक्षेप आणि ओसिरिस

महोदय,

डीएनए चाचणीचे आलेख वाचणाऱ्या ओसिरिस या मोफत सॉफ्टवेअरविषयीच्या माझ्या लेखावरील आपली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. तिचा सूर तिखट असला तरी तक्रार नेमकी आहे, आणि नेमक्या तक्रारीला मोघम उत्तर देणे बरे दिसत नाही. ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी तिचा आशय थोडक्यात सांगतो. आपल्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत आपण लेखातील क्रमाने ओसिरिस बसवले. पहिल्या प्रयत्नात 22 फायलींपैकी एकही पार पडली नाही, लॅडरचीसुद्धा नाही. (लॅडर म्हणजे प्रत्येक स्थानावरील ठाऊक ॲलीलांचे, म्हणजे डीएनएच्या पर्यायी रूपांचे, मिश्रण; नमुन्याचे आकडे त्याच्याशी ताडून ठरतात.) मांडणी बदलून पुन्हा चालवल्यावर नमुने पार पडले, पण 9947ए या नियंत्रण नमुन्यात, ज्याचे उत्तर आधीच ठाऊक असते, डीएनएवरील टीएच01 या स्थानी ‘8, 9.3’ ऐवजी ‘लॅडरबाहेर, 10’ असे उत्तर आले. त्याच फायलींतून आपल्या विकतच्या सॉफ्टवेअरने मात्र बिनचूक उत्तर दिले. यावरून आपला निष्कर्ष असा, की ‘फुकट ते पौष्टिक’ ही वृत्ती प्रयोगशाळेच्या उंबऱ्याबाहेर ठेवावी, कारण उद्या साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहिल्यावर मोफत सॉफ्टवेअरची जबाबदारी घ्यायला कोणीही येणार नाही.

आधी माझी चूक मान्य करतो. ‘अर्ध्या तासात’ हे शब्द मी त्या लेखाच्या शीर्षकात वापरायला नको होते. अर्ध्या तासात सॉफ्टवेअर संगणकावर उतरते, प्रयोगशाळेत नव्हे. आमच्या महाविद्यालयीन प्रयोगशाळेत ते विश्वासाने वापरता येईपर्यंत एक संपूर्ण सत्र गेले होते, ही गोष्ट मी लेखात एका ओळीत उरकली. शिवाय आमच्याकडे विद्यार्थ्यांचा सराव चालतो, गुन्ह्यातील नमुने येत नाहीत, हे तर मी लिहिलेच नाही. आपल्यासारख्या अनुभवी माणसाला त्यामुळे जो मनस्ताप झाला त्यात माझा वाटा आहे. पण त्या दोन अपयशांचा दोष सॉफ्टवेअरवर जातो का, याचे माझे उत्तर नकारार्थी आहे, आणि त्याचा पुरावा आपल्याच प्रतिक्रियेत आहे.

पहिले अपयश घेऊ. डीएनएचे तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या यंत्राच्या केशनलिकेत (अतिशय बारीक नळीत) जाणाऱ्या प्रत्येक नमुन्यात ठाऊक लांबीच्या, वेगळ्या रंगाच्या डीएनए तुकड्यांचा एक आंतरिक मापक मिसळलेला असतो. सॉफ्टवेअर सर्वांत आधी आलेखातील त्या रंगाची शिखरे शोधते आणि ती अपेक्षित क्रमाने सापडली तरच पुढे सरकते. (प्रयोगशाळेत आपण सगळेच ‘पीक’ म्हणतो, पण लेखात तो शब्द आला की शेतीची आठवण होते, म्हणून शिखर.) आपण आयडेंटिफायलर प्लस हे किट आणि लिझ 500 हा मापक वापरता, असे आपण लिहिले आहे. लिझ 500 मध्ये 35 पासून 500 बेसपर्यंतचे 16 तुकडे असतात (बेस हे डीएनएच्या लांबीचे एकक). लिझ 600 मध्ये 20 पासून 600 पर्यंतचे 36 असतात. दोन्हींचा रंग नारिंगी. आपण पाठवलेल्या पडदाचित्रात ओसिरिसच्या कार्यपद्धतीच्या, म्हणजे किट व मापकानुसार निवडायच्या मांडणीच्या, नावापुढे 600 हा आकडा दिसतो. म्हणजे सॉफ्टवेअर 36 शिखरे शोधत होते आणि नलिकेतून आली होती 16. अशा वेळी त्याने मापक जुळत नाही म्हणून सगळ्याच फायली नाकारणे हे माझ्या मते त्याचे अपयश नाही. आपणही दुसऱ्या प्रयत्नात नेमकी हीच मांडणी बदलली असणार, कारण त्यानंतर नमुने पार पडले.

सगळेच नमुने एकसाथ कोसळले, तर नमुन्यांकडे पाहण्याआधी नारिंगी रंगाचा आलेख उघडावा आणि शिखरे बोटाने मोजावीत, ही सवय मी विद्यार्थ्यांना लावतो. संख्या बरोबर आहे पण सगळी शिखरे बुटकी आहेत, असे दिसले तर शंका फॉर्मामाइडवर, म्हणजे नमुना ज्या द्रवात मिसळून यंत्रात घालतात त्यावर, घ्यावी. ते पुन:पुन्हा गोठवून-वितळवून वापरले की त्याचे विघटन होऊन विद्युतभारित घटक तयार होतात, नलिकेत शिरताना तेच डीएनएला मागे टाकतात आणि मापकासह सारा संकेत खाली येतो. ओसिरिसमध्ये नमुना, लॅडर आणि मापक यांच्या शिखरांची किमान उंची वेगवेगळी ठरवता येते. मापकाची मर्यादा खाली ओढून असा नमुना ‘पास’ करून घेण्याचा मोह होतो. तो टाळून फॉर्मामाइडची नवी कुपी उघडावी.

आता दुसरे अपयश, जे खरोखर गंभीर आहे. चुकीचे उत्तर हे न आलेल्या उत्तरापेक्षा केव्हाही वाईट. परंतु ‘लॅडरबाहेर, 10’ ही जोडी स्वतःच बरेच काही सांगते. टीएच01 मध्ये पुन:पुन्हा येणारा तुकडा, म्हणजे एक आवर्तन, चार बेसचे असते आणि 9.3 हा ॲलील म्हणजे नऊ पूर्ण आवर्तने व वर तीन बेस, त्यामुळे 9.3 आणि 10 यांत फक्त एका बेसचे अंतर राहते. शिखर लॅडरच्या पायरीपासून अर्ध्या बेसच्या आत असेल तरच त्याला त्या पायरीचे नाव मिळते. समजा, नमुन्यातील सर्व शिखरे लॅडरच्या तुलनेत 0.6 बेसने पुढे सरकली आहेत. मग 9.3 चे शिखर 10 पासून केवळ 0.4 बेस दूर राहील आणि त्याला 10 म्हटले जाईल. 8 चे शिखर आपल्या पायरीपासून 0.6 दूर गेलेले असेल, पुढची पायरी तर 3.4 बेसवर, म्हणजे ते कुठेच बसणार नाही आणि लॅडरबाहेर ठरेल. आपल्याला मिळालेले उत्तर अक्षरशः हेच आहे. सॉफ्टवेअर आकडे मनाने लावत असते तर दोन्ही शिखरे एकाच दिशेने आणि एवढ्याच अंतराने चुकली नसती. इतर स्थानांवरील शिखरेही त्याच बाजूला सरकलेली दिसतात का, हे कृपया पाहावे; तशी दिसली तर नमुन्याची नव्हे, तर लॅडरची निवड चुकली आहे.

इतके सरकणे कशाने होते? बहुधा तापमानाने. यंत्रातील भट्टी 60 अंशांवर असली तरी नलिकेची टोके, पॉलिमर आणि बफर खोलीच्या हवेत असतात. आमच्याकडे एप्रिलमध्ये दुपारी वीज गेली आणि जनित्रावर यंत्र चालू राहिले पण वातानुकूलन बंद पडले, तेव्हा सकाळचे लॅडर दुपारच्या नमुन्यांना लागू पडेना, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. आंतरिक मापक बरेचसे सांभाळून घेतो, पण पूर्ण नाही, कारण डीएनएच्या तुकड्याचा वेग लांबीप्रमाणेच त्यातील बेसच्या क्रमावरही अवलंबून असतो आणि प्रत्येक तुकडा तापमानाला सारखाच प्रतिसाद देत नाही. लिझ 500 मधील 250 बेसचा तुकडा याच कारणासाठी लांबी मोजताना वगळतात. आपले यंत्र चार नलिकांचे आहे, आमचेही तसेच. एका फेरीत चार नमुने जातात आणि फेरीला पाऊण तास लागतो. म्हणून आम्ही प्लेटमधील दर 16 जागांपैकी एक लॅडरसाठी राखतो, उन्हाळ्यात दोन.

आपण विचाराल, की मग त्याच फायलींवर विकतचे सॉफ्टवेअर का फसले नाही? त्याचे कारण मला आपल्या फायलींच्या नावांत दिसते. लॅडरच्या दोन फायलींची नावे आपण ‘लॅडर-1’ आणि ‘एएल-2’ अशी, अर्थात रोमन लिपीत, दिली आहेत. पहिली आदल्या दिवशीच्या फेरीतील, दुसरी नियंत्रण नमुन्याच्याच दिवसाची. विकतच्या सॉफ्टवेअरमध्ये ही फाइल लॅडरची, ही नियंत्रणाची, असे आपण तक्त्यातील एका रकान्यात सांगितलेले असते, तेव्हा नाव काहीही असले तरी बिघडत नाही. ओसिरिस मात्र नावातील अक्षरांवरून ओळखते आणि कोणती अक्षरे लॅडरची खूण मानायची हे कार्यपद्धतीत लिहून द्यावे लागते. ‘एएल’ ही खूण आपण लिहून दिलेली नसल्यास दुसरे लॅडर साध्या नमुन्यांत गणले गेले असणार आणि आपल्या नियंत्रण नमुन्याला आदल्या दिवशीचे लॅडर लागले असणार. हे माझे अनुमान आहे, पण पडताळायला दोन मिनिटे पुरतील: ‘एएल-2’ ही फाइल निकालाच्या तक्त्यात लॅडरमध्ये दिसते की नमुन्यांत, एवढेच पाहायचे आहे. आमची फजिती याच्या उलट झाली होती. नियंत्रण नमुन्याची खूण म्हणून आम्ही ‘पॉझिटिव्ह’ची पहिली तीन रोमन अक्षरे दिली, आणि एका विद्यार्थ्याने सरावाच्या फाइलला ‘पोस्टमॉर्टेम’ असे नाव ठेवले. तिचीही पहिली तीन अक्षरे तीच. सॉफ्टवेअरने तिला नियंत्रण नमुना मानून प्रत्येक स्थानावर दोष दाखवला आणि आम्ही दिवसभर दूषितीकरण शोधत बसलो.

यातून आपला एक मुद्दा मात्र सिद्ध होतो आणि तो मी पुढील आवृत्तीत लेखाच्या सुरुवातीलाच घालणार आहे. ओसिरिसला नावांची शिस्त लागते; ती पाळता येणार नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नये. सोबत येणाऱ्या मर्यादा जशाच्या तशा वापरणेही धोक्याचेच. शिखराची किमान उंची आपल्या यंत्राच्या कोऱ्या नमुन्यांतील गोंगाटावरून ठरवावी लागते, स्टटरचे, म्हणजे खऱ्या शिखराशेजारी उमटणाऱ्या लहान खोट्या शिखराचे, प्रमाण स्थानागणिक आपल्या किटवर मोजावे लागते, आणि 3130 या यंत्रावर ठरवलेले आकडे 3500 या यंत्रावर नेता येत नाहीत, कारण दोन्ही यंत्रांचे उंचीचे माप मुळातच वेगळे आहे. पण यांतली कोणती गोष्ट विकतच्या सॉफ्टवेअरला लागू नाही? विकत घेतल्यावर कंपनीचा माणूस येऊन हे करून देतो, इतकाच काय तो फरक. परवान्याचे पैसे वाचले की तेवढे श्रम आपल्या माथी येतात, हे मी खुल्या मनाने मान्य करतो.

जबाबदारीच्या प्रश्नावर मी आपल्याशी सहमत नाही. आपली प्रयोगशाळा आयएसओ/आयईसी 17025 या प्रयोगशाळांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार मानांकित आहे. त्या मानकाची 2017 ची आवृत्ती माहिती हाताळणाऱ्या प्रणाली वापरात येण्याआधी प्रयोगशाळेने त्यांची वैधता तपासावी असे सांगते. सर्रास वापरातील बाजारी सॉफ्टवेअर त्याच्या नेमून दिलेल्या कामापुरते पुरेसे तपासलेले मानता येते, अशी सवलत त्यात आहे. तिचा फायदा आपल्या विकतच्या सॉफ्टवेअरला मिळत असेल, हा मुद्दा आपल्या बाजूचा. पण त्यात आपण स्वतः भरलेल्या मर्यादा आणि केलेले बदल तपासण्यातून सुटका नाही, आणि मोफत सॉफ्टवेअरला मनाईही नाही. न्यायालयाचे म्हणाल, तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 39 खाली ग्राह्य धरले जाते ते तज्ज्ञाचे मत. उलटतपासणीत ‘हे शिखर स्टटर कशावरून?’ असे विचारले जाईल ते आपल्याला; विकतच्या सॉफ्टवेअरची कंपनी तेव्हाही पिंजऱ्यात नसेल. उलट ओसिरिस अमेरिकेच्या एनसीबीआय या सरकारी संस्थेने बनवलेले असून त्याचा स्रोत खुला आहे, आणि त्यामागचे गणित 2011 मध्ये बुलेटिन ऑफ मॅथेमॅटिकल बायॉलॉजी या नियतकालिकात प्रसिद्ध झालेले आहे. विकतची सॉफ्टवेअर सहसा शेजारच्या चार मापक तुकड्यांवरून प्रत्येक शिखराची लांबी बेसमध्ये काढतात. ओसिरिस तसे न करता मापकाच्या आधारे नमुन्याचा कालाक्ष थेट लॅडरच्या कालाक्षावर बसवते; वर मी बेसमध्ये केलेला हिशेब म्हणजे समजण्याची सोय होती. दोन वेगळ्या रीतींनी एकच उत्तर आले तर पुनरीक्षण करणाऱ्याला बळ मिळते, आणि वेगळे आले तर, आपल्या बाबतीत झाले तसे, काहीतरी शोधण्यासारखे सापडते. म्हणून विकतचे सॉफ्टवेअर काढून टाका, असे मी आपल्याला सुचवत नाही. दुसरी नजर म्हणून ओसिरिस ठेवा, असे सुचवतो.

एकाहून अधिक माणसांचा डीएनए असलेल्या मिश्र नमुन्यांविषयी आपण विचारलेल्या ओझरत्या प्रश्नाचे उत्तरही ओझरतेच देतो. ओसिरिस शिखरे आणि ॲलील यांपाशी थांबते. तीन जणांच्या मिश्रणात संशयिताचा अंश असल्याच्या पुराव्याचे वजन किती, हे ते सांगत नाही. त्यासाठी युरोफॉरमिक्ससारखी वेगळी मोफत साधने आहेत, पण त्यांना संख्याशास्त्राची खरी तयारी लागते आणि तेथे वाद अधिक तीव्र असतात: ट्रूॲलील या विकतच्या प्रणालीचा स्रोत बचाव पक्षाला पाहू द्यावा, असा आदेश न्यू जर्सीच्या अपील न्यायालयाने 2021 मध्ये दिला, तो अशाच एका प्रकरणात.

‘एएल’ची खूण भरून, प्रत्येक दिवसाच्या फायली वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवून आपण विश्लेषण पुन्हा चालवावे, ही विनंती. तरीही टीएच01 वर 10 च आले, तर माझे अनुमान चुकले असे मी याच ठिकाणी लिहीन. त्या स्थितीत लॅडरच्या दोन्ही फायली आणि 9947ए ची एक फाइल मला पाठवा. तेवढ्या पुरेशा आहेत. प्रकरणातील कोणत्याही नमुन्याची फाइल मात्र, नाव बदलूनसुद्धा, पाठवू नये, कारण नाव पुसले तरी फाइलच्या आत माणूस शिल्लक राहतो.